घोडा दमेल तिथं कोठार

कॅनडाच्या नकाशावर मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा हे तीन प्रांत शोधा आणि रेल्वेच्या एखाद्या जुन्या फाट्यावर बोट ठेवून सरकत जा. दर दहा-पंधरा किलोमीटरला एक गाव लागेल. तिथं नदीचा संगम नाही, घाट नाही, जुनी बाजारपेठ नाही. मग गाव नेमकं तिथंच का वसलं? उत्तर घोड्याला विचारा. गव्हानं भरलेली गाडी घेऊन पहाटे निघालेला शेतकरी माल विकून दिवेलागणीला घरी पोचला पाहिजे, एवढाच हिशेब. घोड्यांची जोडी एका दिवसात जेवढी वाट जाऊन-येऊन करील, तेवढ्या टप्प्यावर स्टेशन. आणि स्टेशनात रुळांना खेटून एक उंचच उंच लाकडी कोठार. त्याला म्हणतात ग्रेन एलिव्हेटर. १९३३ साली पश्चिम कॅनडात अशी ५,७५८ कोठारं उभी होती.

उंची साधारण सात-आठ मजल्यांची. आजूबाजूला सगळा सपाट गवताळ माळ, म्हणजे प्रेअरी. त्यामुळे गाव दिसायच्या कितीतरी आधी कोठार दिसायचं. त्यावर गावाचं नाव ठसठशीत अक्षरांत रंगवलेलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बाजूनं लढणारे वैमानिक या माळावर प्रशिक्षणाला येत. वाट चुकली की विमान खाली आणायचं, कोठारावरचं नाव वाचायचं आणि पुढे निघायचं.

पाठीवरचं ओझं, पट्ट्यावरचे डबे

गंमत म्हणजे हे यंत्र शेतात जन्मलं नाही, बंदरावर जन्मलं. ईरी कालवा १८२५ मध्ये खुला झाला आणि न्यूयॉर्क राज्यातलं बफेलो धान्यानं तुंबलं. सरोवरांतून जहाजानं आलेला गहू इथं उतरवून कालव्यातल्या होड्यांत भरायचा असे. उतरवणार कोण? बहुतेक आयरिश हमाल, पाठीवरून. पाऊस आला की काम बंद.

जोसेफ डार्ट नावाच्या व्यापाऱ्यानं रॉबर्ट डनबार या इंजिनिअरला हाताशी धरून १८४२ मध्ये वाफेवर चालणारं कोठार बांधलं. एक न संपणारा पट्टा, त्यावर ओळीनं डबे. पट्ट्याचं टोक जहाजाच्या पोटात सोडायचं आणि इंजिन सुरू करायचं. आपल्या विहिरीवरचं रहाटगाडगं, फक्त पाण्याऐवजी गहू. कल्पना मुळात ऑलिव्हर इव्हान्सची. त्यानं अठराव्या शतकाच्या अखेरीस पिठाच्या गिरणीत असाच पट्टा लावला होता, आणि डार्टनं ते उघडपणे मान्यही केलं. ‘माझंच डोकं’ म्हणणाऱ्या शोधकांच्या गर्दीत हा एक प्रामाणिक माणूस.

या पट्ट्यानं काय केलं, याचा एक किस्सा डार्टनंच सांगून ठेवलाय. ‘जॉन बी. स्किनर’ नावाचं जहाज ४,००० बुशेल गहू घेऊन दुपारी धक्क्याला लागलं. गहू उतरला, परतीच्या प्रवासासाठी मीठ भरलं आणि जहाज त्याच संध्याकाळी निघालंसुद्धा. ते ओहायोतल्या मिलानला गेलं, दुसरी खेप भरून परत बफेलोला आलं, तर पहिल्या वेळी सोबत आलेली जहाजं अजून माल उतरवतच होती!

(बुशेल हे माप पुढे वारंवार येईल. गव्हाचं एक बुशेल म्हणजे जवळपास २७ किलो. म्हणजे त्या दुपारी शंभर किलोची हजारावर पोती उतरली.)

शिकागोचं कोठार, मुंबईचा फुटपाथ

गहू पोत्यात होता तोवर प्रत्येक पोतं कुणाचं तरी होतं. कोठारात गेला की सगळ्यांचा गहू एकात एक मिसळला. मग शेतकऱ्याच्या हाती काय? अमुक प्रतीचा, अमुक बुशेल गहू जमा, एवढी एक पावती. ही पावती विकता येते. इतकंच काय, पुढच्या महिन्यात येणाऱ्या गव्हाचा सौदाही आज करता येतो. शिकागोचा जगप्रसिद्ध वायदेबाजार या पावत्यांवरच उभा राहिला.

पण पावती खरी असेल तर कोठारात माल हवा ना? मन्न अँड स्कॉट ही शिकागोतली बडी कोठारवाली पेढी. त्यांच्याकडे पावत्या भरपूर आणि गहू कमी. तपासनीस येणार असं कळल्यावर त्यांनी कोठ्यांच्या तोंडाशी फळ्या ठोकल्या आणि वर गव्हाचा थर पसरला. वरून पाहणाऱ्याला कोठी काठोकाठ भरलेली! १८७२ मध्ये पितळ उघडं पडलं, पेढी बुडाली आणि मालकांना बाजारातून हाकललं.

त्यांच्या नावाचा खटला मात्र चालूच राहिला. इलिनॉय राज्यानं १८७१ मध्ये कोठारभाड्यावर मर्यादा घातली होती. पेढीचं म्हणणं होतं की आमची मालमत्ता, भाडं आम्ही ठरवू. १८७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की ज्या धंद्यावाचून लोकांचं अडतं, त्या धंद्यावर सरकार नियम घालू शकतं. पेढी तोवर जगातच नव्हती, पण कायद्याच्या पुस्तकात अजरामर झाली.

आता खरी मेजवानी. त्या निकालाशी असहमत झालेले न्यायमूर्ती स्टीफन फील्ड कोठारवाल्यांच्या बाजूचे होते. त्यांचा युक्तिवाद असा की घटनेतला ‘जीवन’ हा शब्द नुसता श्वास चालू असण्यापुरता घेऊन चालणार नाही, त्याचा अर्थ व्यापक आहे. तसाच मालमत्तेच्या हक्काचा अर्थही व्यापक घ्या. अमेरिकेत हे मत अल्पमतात राहिलं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं मात्र १९६२ मध्ये खरकसिंग खटल्यात त्यातला ‘जीवना’बद्दलचा भाग उचलून धरला. आणि १९८५ मध्ये मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा ओल्गा टेलिस खटला आला, तेव्हा सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी जगण्याच्या हक्कात रोजीरोटीचा हक्क येतो, हे सांगताना पुन्हा याच फील्डसाहेबांचा दाखला दिला. महापालिकेला झोपड्या हटवायची मुभा मिळाली, पण पावसाळा सरल्यावर, ३१ ऑक्टोबरनंतर. शिकागोच्या श्रीमंत कोठारमालकांसाठी घासलेलं शस्त्र शंभर वर्षांनी मुंबईच्या फुटपाथवरच्या माणसाच्या हाती आलं. फील्डसाहेबांना हे कितपत रुचलं असतं, कोण जाणे!

आधी गोल, मग चौकोनी

कॅनडाच्या पश्चिम भागातून गहू बाहेर जाण्याची सुरुवात अगदी किरकोळ झाली. १८७६ मध्ये टोरांटोच्या एका बियाणे कंपनीला ‘रेड फाइफ’ जातीचा बी-गहू हवा होता. मागणी होती ५,००० बुशेलची. सगळं विनिपेग धुंडाळून मिळाले ८५७. तेवढेच पोत्यांत भरून नदीवाटे अमेरिकेमार्गे पाठवले. आपल्याकडचा एखादा ट्रक दोन खेपांत नेईल एवढा माल.

तीनच वर्षांनी, १८७९ मध्ये, विल्यम हेस्पेलर यांनी मॅनिटोबातल्या निव्हरव्हिल इथं पश्चिम कॅनडातलं पहिलं एलिव्हेटर बांधलं. ते चक्क गोल होतं. चौकोनी उभं राहिलं १८८१ मध्ये, ग्रेटना गावात. पुढची सगळी घराणी या चौकोनी पूर्वजाची. गोलाचा वंश चालला नाही.

चौकोनी कोठाराच्या भिंती बघण्यासारख्या. घराची भिंत बांधताना आपण फळी उभी ठोकतो. इथं फळ्या आडव्या, सपाट, एकीवर एक रचत जायच्या आणि खिळ्यांनी खालच्या फळीत ठोकत जायच्या. फळीच्या रुंदीएवढी जाड भिंत. इतकं लाकूड का? कारण गहू भिंतींना बाहेर ढकलतो. शिवाय तो भिंतींना घासत खाली बसतो, तेव्हा त्याच्या वजनाचा मोठा वाटा भिंतीवर पडतो. म्हणूनच पाण्याची टाकी जितकी खोल तितका तळाशी दाब जास्त, हा नियम गव्हाला लागू नाही; ठरावीक खोलीनंतर दाब फारसा वाढतच नाही. जर्मनीच्या यान्सन नावाच्या इंजिनिअरनं १८९५ मध्ये याचं सूत्र मांडलं. सुतारांनी मात्र ते कळायची वाट पाहिली नव्हती. ते खिळे ठोकत राहिले.

आतलं काम सोपं. गाडी उतारावरून आत येते, काट्यावर उभी राहते, भरलेलं वजन होतं. गहू जमिनीतल्या खड्ड्यात ओततात. रिकाम्या गाडीचं वजन होतं. डब्यांचा पट्टा खड्ड्यातला गहू माथ्यावरच्या छोट्या खोलीत नेतो. तिथं एक फिरतं नळकांडं असतं. खालून चाक फिरवून ते हव्या त्या कोठीकडे वळवायचं, पुढे गहू आपोआप घसरत जातो. वर एकदा चढवला की नंतरची सगळी हमाली गुरुत्वाकर्षण करतं, तेही फुकट. वॅगन भरायची तर कोठीचं दार उघडायचं, बस्स.

वर जायला एजंटासाठी हातानं दोर ओढायचा एक चिंचोळा पाळणा असे. दुसऱ्या टोकाला एजंटाच्या वजनाला जुळतील अशी वजनं टांगलेली. एजंट बदलला, की वजनं बदलायची!

इंजिन आणि ऑफिस मात्र वेगळ्या खोलीत, थोडं दूर. का, ते पुढे येईल.

कडता कापणारा देवमाणूस

आपल्या बाजार समितीत ‘कडता’, म्हणजे मालाच्या वजनातली कपात, म्हटलं की शेतकऱ्याच्या कपाळावर आठी पडते. तशीच आठी सस्कॅचेवानच्या शेतकऱ्याच्या कपाळावर होती. गहू कुठल्या प्रतीचा, त्यात माती-काडी-तणाचं बी किती, वजन किती, हे सगळं ठरवणार एलिव्हेटरचा एजंट. काटा त्याचा, चाळण त्याची, नजरही त्याची. शेतकरी पंधरा किलोमीटर घोडे हाकत आलेला. भाव पटला नाही म्हणून गाडी परत नेणार कुठं?

यात तेल ओतलं रेल्वेनं. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेची अट होती की निदान २५,००० बुशेल मावतील असं यंत्रावर चालणारं कोठार जो बांधेल त्याला स्टेशनात जागा मिळेल, आणि मग तिथं वॅगन भरायचा हक्कही त्याचाच. रेल्वेच्या बाजूनं पाहिलं तर यात तथ्य होतं. गाड्या भराभर भरल्या तरच निघणार. पण शेतकऱ्यापुढे एकच दार उरलं आणि त्या दारात बसलेला माणूस कंपनीचा. ओरड इतकी वाढली की १९०० मध्ये सरकारनं मॅनिटोबा ग्रेन ॲक्ट केला. शेतकऱ्याला हवं तर तो फलाटावरून थेट वॅगन भरू शकेल, असा हक्क कागदावर आला.

कागदावरच. १९०१ मध्ये पीक असं आलं की रेल्वेला उचलवेना. वॅगन मिळत त्या एलिव्हेटरवाल्यांना. शेतकरी फलाटावर गव्हाच्या राशी राखत बसलेला. त्या डिसेंबरात इंडियन हेड गावात शेतकऱ्यांनी संघटना काढली, अध्यक्ष डब्ल्यू. आर. मदरवेल. पुढच्याच वर्षी तिनं सिंटालुटा स्टेशनच्या रेल्वे एजंटावर खटला भरला: कायद्याप्रमाणे नंबरानं वॅगन का देत नाही? दंड झाला ५० डॉलर. रेल्वेनं ही रक्कम हसत भरली असती, पण तिला तत्त्व सलत होतं, म्हणून ती वर गेली. थेट कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, आणि तिथंही हरली. त्यानंतर स्टेशनातल्या वहीत आधी नाव त्याला आधी वॅगन, मग तो कंपनी असो की एकटा शेतकरी.

माझ्या मते प्रेअरीचा खरा इतिहास या पन्नास डॉलरपासून सुरू होतो. याच सिंटालुटाचे ई. ए. पार्ट्रिज विनिपेगचा धान्यबाजार आतून पाहून आले आणि १९०६ मध्ये त्यांनी शेतकऱ्यांची स्वतःची धान्य कंपनी उभी केली. १९२३-२४ मध्ये तिन्ही प्रांतांत ‘व्हीट पूल’ नावाच्या सहकारी संस्था निघाल्या. आपल्याकडे सहकारी साखर कारखाना गावाच्या राजकारणाचा जेवढा केंद्रबिंदू होता, तेवढाच तिकडे पूलचा एलिव्हेटर. मधल्या काळात मॅनिटोबा सरकारलाही हुरूप आला होता. १९१० मध्ये त्यानं कोठारं विकत घेतली, दोन वर्षांत हात पोळले आणि सोडून दिली.

एजंटांबद्दल एक वाक्य त्यांच्या बाजूनंही लिहायला हवं. हिवाळ्यात पारा उणे तीसला टेकला असताना गावात शेकोटी, गप्पा आणि पत्त्यांचा डाव मिळण्याची जागा म्हणजे याच माणसाचं ऑफिस. शिव्या द्यायलाही तिथंच जमायचं.

कोलकात्याचं रक्त

कोठारं बांधली, पण भरायची कशानं? रेड फाइफ गहू उत्तम, फक्त पिकायला उशीर करायचा, आणि प्रेअरीवर गोठलेलं दव सप्टेंबरातच येऊन उभं पीक जाळायचं. यावर उतारा मिळाला भारतातून. ‘हार्ड रेड कलकत्ता’ नावानं ओळखला जाणारा गहू, पीक कमी देणारा पण लवकर पिकणारा, कॅनडाच्या सरकारी प्रयोगशेतांत पोचला होता. १८९२ मध्ये पर्सी साँडर्स यांनी रेड फाइफशी त्याचा संकर केला. बियाणं पडून राहिलं. मग पर्सी यांचे भाऊ चार्ल्स साँडर्स यांनी १९०४ मध्ये एकेक लोंबी निवडायला घेतली.

चार्ल्स हा माणूस आधी संगीतात रमलेला. गाणं शिकवायचा, संगीतावर टीकालेख लिहायचा. गव्हाच्या शेतात त्याला वडिलांनी ओढलं. त्याच्याकडे पिठाची गिरणी नव्हती, मग चिकटपणा कसा तपासायचा? दाणे तोंडात टाकायचे आणि चावत बसायचं. छान रबरासारखा गोळा झाला, तर पाव चांगला फुगणार. या चघळण्यातून निवडलेला वाण म्हणजे ‘मार्क्विस’. रेड फाइफच्या कितीतरी दिवस आधी पिकणारा. १९०९ मध्ये तो शेतकऱ्यांना वाटला. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात सस्कॅचेवानच्या सीगर व्हीलर या शेतकऱ्यानं मार्क्विस गहू ठेवला आणि जगातल्या सर्वोत्तम गव्हाचं हजार डॉलरचं सोनं जिंकलं. बक्षीस ठेवलं होतं कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या अध्यक्षांनी. होय, तीच रेल्वे. १९२० च्या सुमारास पश्चिम कॅनडातला जवळजवळ सगळा गहू मार्क्विस होता. चार्ल्स पुढे ‘सर’ झाले. दात शाबूत होते की नाही, हे चरित्रकारांनी नोंदवायला हवं होतं.

झुकलेलं कोठार पुन्हा उभं

सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेलं कुणी घरात असेल तर ‘ट्रान्सकोना’ म्हणून बघा. डोळे चमकतील, नाहीतर परीक्षेच्या आठवणीनं विझतील.

विनिपेगजवळ ट्रान्सकोना इथं रेल्वेनं दहा लाख बुशेलचं काँक्रीटचं कोठार बांधलं. ६५ गोल कोठ्या, सगळ्या एकाच अखंड जोत्यावर. १९१३ च्या शरदात गहू भरायला सुरुवात झाली. १८ ऑक्टोबरला, सुमारे पावणेनऊ लाख बुशेल आत असताना, कोठार तासाभरात फूटभर खचलं. मग कलायला लागलं. घाईगर्दी न करता चोवीस तास सावकाश कलत राहिलं आणि जवळपास २७ अंशांवर थांबलं. पिसाचा मनोरा चार-पाच अंशांवर जगाला नादावतो. हे तर त्याच्या पाचपटीहून अधिक. आणि कमाल ही की कोठ्यांना काही झालं नाही. काँक्रीट मजबूतच होतं. दगा दिला खालच्या चिकणमातीनं. वरचा थर कडक, त्याखालचा मऊ, आणि खालचा थर कुणी तपासलाच नव्हता.

पाडून टाकलं? छे. गहू काढला, खालून खडकापर्यंत खांब नेले, जॅक लावले आणि १९१४ मध्ये एवढं धूड पुन्हा सरळ केलं. आधीपेक्षा बरंच खाली बसलेलं, पण ताठ. ते नंतर अनेक दशकं गहू साठवत राहिलं. जगभरच्या मृदा यांत्रिकीच्या पुस्तकांत मात्र ते कायमचं तिरकं छापलं जातं.

‘पीवींचा वेडेपणा’ आणि केकचा साचा

लाकडाला आग लागते, मग काँक्रीट का नको? मिनेसोटातले धान्यव्यापारी फ्रँक पीवी आणि बांधकाम करणारे चार्ल्स हॅग्लिन यांनी १८९९-१९०० मध्ये मिनियापोलिसच्या शेजारी काँक्रीटची एकच गोल कोठी उभारून पाहिली. लोक म्हणाले, गहू काढायला लागल्याबरोबर ही फुटणार. नावही ठेवलं, ‘पीवींचा वेडेपणा’. १९०० मध्ये भरलेली कोठी उघडली तेव्हा सुरक्षित अंतरावर बघे जमले. गहू शांतपणे वाहून गेला आणि बघे घरी गेले. ती कोठी अजून आहे. तिच्या आवारात सध्या नॉर्डिक वेअर ही कंपनी आहे, मधोमध भोक असलेल्या ‘बंट’ केकचा साचा जिनं घराघरांत नेला.

या काँक्रीटच्या कोठ्यांचे फोटो युरोपात पोचले आणि वास्तुकार वेडे झाले. वॉल्टर ग्रोपियसनं ते १९१३ मध्ये छापले. मग ल कॉर्ब्युझिए, आपल्या चंदीगढचा, यानं १९२३ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात नव्या वास्तुकलेचा नमुना म्हणून तेच वापरले. तोवर दोघांनीही अमेरिकेत पाऊल ठेवलं नव्हतं! एका कोठारावर शोभेची त्रिकोणी शिखरं होती. ‘शुद्ध’ आकारात ती खुपत होती, म्हणून कॉर्ब्युझिएनं ती फोटोतून पुसून टाकली. फोटोशॉपच्या किती आधी, बघा.

ए फॉर ॲटवॉटर

ग्रँड ट्रंक पॅसिफिक रेल्वेला गावांना नावं ठेवायचा कंटाळा आला असावा. तिनं सरळ इंग्रजी मुळाक्षरं धरली. सस्कॅचेवानात ॲटवॉटरपासून सुरुवात, पुढे फेनवुड, गुडीव्ह, हबर्ड, इटुना, जॅस्मिन, केलिहर असं करत करत वॅट्रस, झीना, यंग आणि झेल्मा. प्रत्येक स्टेशनात कोठार, प्रत्येक कोठारावर पुढचं अक्षर.

धूळ, ठिणगी, सिनेमा

इंजिनाची खोली वेगळी का, ते आता. धान्याची बारीक धूळ हवेत दाट तरंगली आणि तिला ठिणगी मिळाली की स्फोट होतो, तोही साधासुधा नाही. १९७७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या वेस्टवेगोच्या निर्यात कोठारात ३६ माणसं गेली. पाच दिवसांनी गॅल्व्हस्टनला तसाच स्फोट. त्यानंतर दहा वर्षांनी अमेरिकेत धान्यकोठारांसाठी सुरक्षेचे खास नियम आले. दहा वर्षं. यावर वेगळं भाष्य नको.

दुसरा धोका शांत असतो. खालून दार उघडं असलेल्या कोठीत माणूस उतरला तर वाहता गहू त्याला काही सेकंदांत आत ओढतो. हे दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथला १९०९ मध्येच ठाऊक होतं. त्याच्या ‘अ कॉर्नर इन व्हीट’ या मूकपटात साठेबाज गव्हाचा राजा स्वतःच्याच कोठारात पडतो आणि वरून गहू ओतत राहतो.

लाकडी कोठारांना आगीनं कधीच सोडलं नाही. सस्कॅचेवानच्या फ्लेमिंग गावातलं १८९५ चं कोठार मूळ जागी उभं असलेलं सर्वांत जुनं होतं. त्याची डागडुजी चालू असतानाच २०१० मध्ये कुणीतरी ते जाळलं.

मारलं कुणी? कावळ्यानं

१८९७ मध्ये सरकार आणि कॅनेडियन पॅसिफिक यांच्यात क्रोज नेस्ट खिंडीतून रेल्वे नेण्याचा करार झाला. सरकारनं पैसे द्यायचे, बदल्यात रेल्वेनं धान्याचं भाडं कमी ठेवायचं. हा ‘क्रो रेट’ (क्रो म्हणजे कावळा) इतका जुना आणि इतका स्वस्त झाला, की रेल्वेला छोट्या फाट्यांवरून गहू नेणं परवडेना आणि शेतकऱ्याला तो दर सोडणं परवडेना. १९८३ मध्ये करार मोडला, १९९५ मध्ये त्याची जागा घेतलेलं अनुदानही गेलं. मग फाटे बंद पडले. रूळ उखडले, की रुळाकाठचं कोठार निकामी. तोवर घोड्यांच्या जागी मोठाले ट्रक आले होते; त्यांना शंभर किलोमीटर म्हणजे काहीच नाही. हजारो कोठारांऐवजी हमरस्त्यालगत मोजकी काँक्रीटची महाकोठारं पुरली. शेतकऱ्यांच्या सहकारी पूलांचं भांडवल शेअर बाजारात गेलं, विलीनीकरणं झाली, सस्कॅचेवान व्हीट पूलचं २००७ मध्ये ‘व्हायटेरा’ झालं आणि ती कंपनी पुढे बहुराष्ट्रीय हातांत गेली. पार्ट्रिज यांनी ज्या मंडळींशी भांडून हे उभं केलं, त्यांच्याच वारसांकडे ते पोचलं, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

मॅनिटोबातल्या इंग्लिस गावात १९२२ ते १९४१ दरम्यान बांधलेली पाच कोठारं अजून रांगेत उभी आहेत. सरकारनं त्यांना १९९६ मध्ये राष्ट्रीय वारसा ठरवलं. बफेलोत काही जुन्या कोठ्यांना रंगीत आवरण घालून बिअरचे अवाढव्य कॅन केलेत. ‘कॉर्नर गॅस’ या लोकप्रिय विनोदी मालिकेसाठी रूलो गावच्या कोठारावर ‘डॉग रिव्हर’ हे काल्पनिक गावाचं नाव रंगवलं होतं. मालिका संपली तरी पर्यटक येत राहिले. शेवटी २०२१ च्या नोव्हेंबरात तेही जळालं.

रगड्यातला कॅनडा

महाकोठारांत आता नुसता गहू नसतो. १९७० च्या दशकात सस्कॅचेवान विद्यापीठाच्या अल स्लिंकर्ड यांनी तिथल्या शेतकऱ्यांना मसूर पेरायला लावला. १९७८ मध्ये ‘लेअर्ड’ हा वाण आला. ज्या लोकांनी आयुष्यात डाळ खाल्ली नव्हती, त्यांचा देश मसुराचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार झाला. सोबत वाटाणा. मुंबईच्या रगडा-पॅटिसमधला वाळलेला वाटाणा प्रेअरीवरून आलेला असण्याची शक्यता बरीच. त्यामुळे तिकडचा शेतकरी पेरणीआधी हवामानाच्या अंदाजाबरोबर दिल्लीचा अंदाजही घेतो. भारतानं पिवळ्या वाटाण्यावर २०१७ मध्ये ५० टक्के आयातशुल्क लावलं, २०२३ च्या डिसेंबरात ते काढलं आणि २०२५ च्या नोव्हेंबरपासून पुन्हा ३० टक्के लावलं. कडता कापणारा एजंट गेला. आता कडता दिल्लीत ठरतो.